पाठ

दारात बूट काढले तिनं, तेवढं बरं केलं.
पण आत आली ती टॉवेल गुंडाळून
आणि टॉवेलखाली पोहायचा पोशाख, निळा.
टाक्यातल्या सगळ्याजणी गप्प झाल्या.
मासळीवाली बोंगसुन म्हणाली,
"हिला हा समुद्र वाटला की काय?"

सव्वीस वर्षं झाली, थोंगयंगच्या ह्या न्हाणीघरात
मी बायकांची अंगं घासते.
काळी चड्डी, काळी काचोळी, झाला गणवेश.
तोंडं माझ्या ध्यानात राहत नाहीत.
पाठ दाखवा, नाव सांगते:
ही कायम डाव्या कुशीवर निजते,
हिनं उभा जन्म वाकून लसूण लावला,
आणि ही, नवरा गेला त्या साली
हिचे मणके मोजता यायचे.
आता भरलीय पुन्हा. माणूस भरतं.

मी खूण केली: काढ.
तिनं मान हलवली.
मी पुन्हा: काढ. पाणी कपड्यानं बाटतं, बाई,
अंगानं नाही.
शब्द कळले नसावेत, हात कळला.
भिंतीकडे तोंड करून एकेक पट्टा उतरवला तिनं,
आणि भिंतीला नेमका आरसा.
पोटावर टाका, आडवा.
माझा उभा आहे. तेव्हा उभं फाडायचे.
बोंगसुननं पायानंच प्लास्टिकचं स्टूल तिच्याकडे सरकवलं
आणि परत कोबीच्या भावावर आली.

गरम पाण्यात अर्धा तास, त्याशिवाय मळ सुटत नाही.
दोन मिनिटांत उठायला लागली,
मी खांदा दाबला.
मग तिचे डोळे मिटले,
आणि घोट्याला अडकवलेली लॉकरची किल्ली
पाण्यात आपली आपण हलत राहिली.

गुलाबी रेक्झिनच्या टेबलावर ती उताणी.
हातात माझा हिरवा खरखरीत मोजा.
करड्या शेवया पडू लागल्या तशी लाजली.
अगं, राणीच्यासुद्धा निघतील.
एक थापट: कुशीवर.
दुसरी: पालथी हो.
बोटांपाशी मात्र मी थांबले.
बारीक चिरे, काही जुने, काही कालचे.
म्हणजे धक्क्यावरच्या शेडमधली,
कालवं फोडणारी.
तो वास साबणानं जात नाही.
माझ्या आईलाही तोच वास होता,
आणि मला दुसरा कुठला वास आईचा वाटत नाही.

काम संपलं. मी माझ्या यंत्राकडे गेले.
भिंतीत बसवलेली तबकडी आहे,
नाणं टाकलं की जात्यासारखी फिरते,
आपण पाठ टेकून उभं राहायचं.
शहरभराच्या पाठी माझ्या हाताखाली,
माझी ह्याच्या.
ती बघत होती. हसली. पहिल्यांदाच.
"हमाम," ती म्हणाली, छातीवर बोट ठेवून,
मग ते बोट लांब कुठंतरी, भिंतीपल्याड.
"मोग्योकथांग," मी म्हणाले.
"हमाम," ती हट्टानं,
आणि माझ्या हातातला मोजा ओढून घेतला.

घासलं म्हणजे काय घासलं!
मानेपासून खाली, लांब, एका दमात,
कुणीतरी लहानपणी शिकवल्यासारखं.
"हळू!" मी ओरडले.
हळू हा शब्द अजून तिच्यापर्यंत पोचला नव्हता.
बोंगसुन हसता हसता नाकापर्यंत बुडाली.
यंत्र रिकामंच गरगरत होतं.

मग एका जागी तिचा हात थांबला,
उजव्या खांद्याखाली, आतल्या बाजूला.
काहीतरी पुटपुटली, तिच्या भाषेत.
मी वळून पाहिलं नाही.
तिथं काय आहे ते मला ठाऊक आहे.
त्यानंतर तिनं घासलं ते खरंच हळू.

जाताना नाव सांगितलं: महलियो.
दोनदा म्हणून बघितलं, जिभेवर राहिना.
राहू दे. पाठ लक्षात आहे.

पैसे मी अर्धेच घेतले.
बोंगसुन म्हणते, तेही घ्यायला नको होतेस.
बोंगसुनचं काय जातं बोलायला.