एकशे पासष्ट, ऐंशी, आर चौदा

फोंड्यात तिस्कापासून खांडेपारपर्यंत
टायरची अकरा दुकानं.
मी वहीत एकच माप घेऊन फिरले.
पहिल्यानं विचारलं, गाडी कुणाची?
दुसऱ्यानं, घरचं कुणी नाही आलं?
भाव दोघांनीही कॅल्क्युलेटरवर दाखवला
आणि लगेच पुसला.
तेच टायर, तोच कारखाना,
साडेतीनशेचा फरक,
मध्ये फक्त एक पेट्रोल पंप.

पुलाजवळच्या कायतानानं
माझ्या जुन्या टायरच्या खाचेत नाणं घातलं.
'हें आनीक सा म्हयने चलतलें. वच घरा.'
त्याच्यापुढचा रकाना रिकामाच राहिला.

रात्री आकडे चढवले
तर सगळ्यात महाग, सगळ्यात खाली
बाबांचं दुकान.
म्हटलं, क्रम नावाच्या अक्षरांवर लावू.
तरी खालीच.
आम्ही हळर्णकर.

तसंच सुरू केलं.

सकाळी बाबांनी चष्मा पुसून
पडद्यावर बोट ठेवत
अकराही ओळी वाचल्या,
जशी बँकेची नोटीस वाचतात.
मग किल्ल्या उचलल्या. दारातून विचारलं,
'ह्यात बॅलन्सिंग धरलंयस? व्हॉल्व्ह?
आम्ही धरतो.'

मी वही उघडली.
कुणालाच विचारलं नव्हतं.