चार शतांश

एल्गोइबारला, नदीकाठच्या आमच्या शेडमध्ये
सकाळी सातला मी टेबलाला डायल लावते.
एक मिलिमीटर उजवीकडे. काटा येतो.
एक मिलिमीटर डावीकडे.
पडद्यावरचा आकडा निमूट परततो,
मोटर फिरते, मळसूत्र फिरतं,
काटा मात्र ढिम्म.
मग शुद्धीवर आल्यासारखा निघतो,
चार शतांश मागे राहून.

गोल कापला तर
दिशा पालटते त्या चार ठिकाणी
नखाला लागेल एवढी पायरी.
गिऱ्हाईक बिल्बाओचं. नखं त्यालाही आहेत.

कंट्रोलरमध्ये चार घातले.
मधला गोल सुधारला, टोकाचा बिघडला;
तिथे ढिलाई एकाचीच,
आणि आकड्याला रकाना एकच.

बिशेंते निवृत्त झाला तरी अकराला येतो,
ऑम्लेटचा पाव खात बाकावर बसतो.
"हँडल हाताने फिरवायचो तेव्हा
थोडं पुढे निघून जायचो, मग मागे यायचो.
भिडायचं नेहमी एकाच बाजूने."
भोक पाडताना ठीक आहे, मी म्हणते,
गोलात असं मागेपुढे कसं करू?
"मग नट आवळ."
आवळला. मध्ये चोख.
टोकाला टेबल कण्हलं आणि अडकलं.

तो हसला नाही.
"श्टुटगार्टहून अकरा वर्षांनी परतलो,
आईने पान वाढलं, मी जेवलो,
दुसऱ्या दिवशी कामावर. सगळं वेळेवर.
नाताळपर्यंत आतलं काहीच हललं नव्हतं."
पावाचे कण झटकून त्याने वाइसकडे बोट केलं.
"तीस वर्षं सगळ्यांनी हा मधोमधच लावला.
मीसुद्धा."

चार बोल्ट. दोघांनी उचलून डाव्या कडेला नेला,
टेबल सरकवलं तिकडे,
जिथे कुणी कधी काम केलं नव्हतं.
पट्टीवर, तेलाखाली,
घडवणाऱ्याने हाताने खरवडलेल्या चंद्रकोरी
अजून जशाच्या तशा.
रकान्यात एक घातला.

गोल निघाला. बिशेंतेने डोळे मिटून
कडेवरून नख फिरवलं,
तिसऱ्या ठिकाणी थबकला,
पुन्हा फिरवलं, आणि तुकडा माझ्या हातात दिला.

मी पॅनेलवर मार्करने लिहिते:
मध्ये चार, कडेला एक.
खाली तो तारीख घालतो,
वळणदार, जुन्या अक्षरात,
मागच्या वर्षीची.