सहावं रीळ

भर मे महिन्यात स्वेटर घालून
कामाला जाणारी कोथरूडात मी एकटीच असेन.
रिक्षावाले आरशातून बघतात.
व्हॉल्टमध्ये बारा डिग्री असतात, हे त्यांना
सिग्नल सुटायच्या आत कसं सांगणार.

आज टेबलावर नऊ डबे.
गंजलेले, झाकणावर न वाचता येणारी लिपी,
उघडले तर नासलेल्या लोणच्याचा वास,
म्हणजे फिल्म मरायला लागली.
रामगोंडाने हुंगून सांगितलं,
अजून दोन उन्हाळे काढेल.

मी सिनेमा बघत नाही, तपासते.
पांढरे हातमोजे, काचेखाली दिवा,
हातानं फिरवायचं चाक. आवाज नाही.
कडेची भोकं फाटली असतील तर सांधायची,
ओरखडा किती लांब ते लिहायचं.
तरी माणसं दिसतातच.

डोंगर आहे, उघडाबोडका,
पानशेतच्या मागचा वाटावा असा.
चौदा-पंधरा जण, धड बूट एकालाच,
आणि तो सगळ्यांच्या मागे चालतो,
लाजल्यासारखा.
एक मुलगी काडतुसं पिठाच्या डब्यात पुरते,
वरचं पीठ बोटांनी सारखं करते,
मग बोटं झटकत नाही,
चाटते.
तिथे मी चाक थांबवलं.
हे तिला कुणी सांगितलेलं नसणार.
शूटिंगच्या दिवशी ती उपाशी होती, बस.

गनीम म्हणजे शत्रू,
पळसुले बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं, सातवी ब.
मग लढणारे आपले आणि कावा गनिमी, असं कसं?
मी विचारलं.
बाई म्हणाल्या, खाली बस.
बसलेय. अजून.
पाचव्या रिळात नदीच्या अलीकडचे
आणि पलीकडचे एकमेकांवर नेम धरतात
तेव्हा दोघांच्याही कोटाला
तीच आखूड बाही, तोच चुकलेला काज.
त्या मुलखात शिंपी एकच असावा.

सहाव्या डब्यात रीळ नाही.
वर्तमानपत्राचा बोळा आहे.

पाचव्यात पूल, पुलावरून म्हातारा शेळी नेतोय.
सातव्यातही पूल, तीच शेळी,
फक्त मधोमध आडवी काठी,
आणि पिठाची मुलगी पलीकडे,
दुसऱ्या गणवेशात,
म्हाताऱ्याचे कागद उलटे धरून वाचतेय.
मी चाक मागे फिरवलं, पुढे फिरवलं.
सांधा कुठेच नाही.

रामगोंडानं रजिस्टर उघडलं.
नाव. साल. रिळं. लांबी. अवस्था.
देश?
मी मोबाइलवर शोधलं. तो देश आता नाही,
त्याचे तीन झालेत
आणि नदी तिघांच्याही नकाशात आहे,
तीन नावांनी.

रामगोंडा निपाणीच्या पलीकडचा.
एसटीच्या पाटीवर डांबर फासलं म्हणून
त्याचे वडील एकवीस दिवस हिंडलग्याला होते.
सुटून आले तर पाटी नवी,
आणि डांबर दंडात लावून भरायचं.
पत्ता विचारला की तो अजून
आधी गाव सांगतो, मग तालुका,
मग पाणी पितो.

तो रकाना बघत राहिला.
पेनाचं टोपण लावलं.
"पेन्सिल द्या मॅडम," म्हणाला,
आणि इतक्या हलक्या हातानं लिहिलं
की मला चष्मा काढून वाकावं लागलं.
लिहिलं होतं: नदीकाठ.

साहेब ओरडतील. ओरडू देत.
सहावा डबा रिकामा म्हणून बाजूला ठेवायचा असतो,
नियम आहे तसा.
मी बोळा उलगडला, तळव्यानं सारखा केला,
परत घडी घालून ठेवला.
रीळ क्रमांक सहा: लांबी, एक पान.
ओरखडे नाहीत. वास येतो.