तीन फूट आत

पुळण कुठे आहे, विचारतात लोक
गाडीतून उतरून. मुलांच्या हातात बादल्या.
मी घड्याळ बघते. म्हणते, आत्ता नाही, सव्वातीनला.
त्यांना वाटतं, थट्टा करतेय.
पण पोर्थ हेलिगची पुळण अशीच,
दिवसातून दोनदा असते, दोनदा नसते.
उतरायला चौसष्ट पायऱ्या. खालच्या नऊ समुद्राने नेल्या,
तिथे आम्ही दोर बांधलाय, जहाजाचा, निळा.

माझं काम पायऱ्या, फाटकं आणि खांब.
मार्चमध्ये, वादळं दमली की,
इदवाल मोजपट्टी घेतो, मी घण.
कड्याकडेची वाट धरून आम्ही निघतो.
गॉर्सच्या पिवळ्या काटेरी फुलांना
ओल्या नारळाचा वास येतो. खरंच येतो.
इदवाल म्हणतो, बिस्किटांचा.
त्याने नारळ फोडलेला नाही कधी.

गेल्या वर्षी जिथे उभं राहून आम्ही डबा खाल्ला
तिथे आता हवा आहे.
एक खांब तारेला लोंबत होता,
त्याच्यावरचा बाण इमानदारीने
वाट दाखवत होता, खाली, पाण्यात.

नियम साधा. कडा जेवढा आत, वाट तेवढी आत.
आणि आत म्हणजे तेगवेन प्रोथेरोचं बटाट्याचं शेत.
दरवर्षी ती कुंपणाशी येऊन उभी.
किती?
तीन फूट.
मागल्या साली चार नेलेस.
मी नाही नेले, तेगवेन.
मग वही कोणाच्या हातात आहे?

शेजाऱ्याने बांध कोरला तर भांडता येतं.
मोजणी आणता येते, तारखा घेता येतात,
निदान त्याच्याकडचं जेवण टाळता येतं.
हा शेजारी रात्री कोरतो, भर दुपारी कोरतो,
आणि सकाळी दगडांवर काळं शेवाळ ठेवून जातो
जणू खंड भरला.
ती ते गोळा करते, सात पाण्यांनी धुते,
दिवसभर शिजवते, ओटच्या पिठात घोळून तळते,
आणि खाताना त्याला शिव्या देते, वेल्शमध्ये.
मला अर्थ विचारावा लागत नाही.

यंदा ती कुंपणाशी नव्हती.
कुंपणच नव्हतं तिथे.
खांब उपटून आत रोवलेले, तिच्या हाताने,
थोडे वाकडे, पण पक्के.
इदवालने पट्टी धरली. पुन्हा धरली.
बावीस फूट.
सहा सऱ्या तिने लावल्याच नव्हत्या;
नांगरलेली माती तशीच, वर चिमूटभर गवत.

आम्ही दार वाजवलं.
ती हात पुसत आली. म्हणाली,
दरवर्षी तुम्ही दोघं तोंड पाडून येता,
मला दरवर्षी तुमच्यावर ओरडावं लागतं.
एवढं त्याला सात वर्षं पुरेल.
मलाही पुरेल.
आणि दार लोटलं. बंद नाही केलं, लोटलं.

इदवालने वहीत लिहिलं : तीन फूट.
मी बघितलं, बोलले नाही.
उरलेल्या एकोणीस फुटांसाठी वहीत रकाना नाही.

मग वाट करायची होती.
नुसते खांब रोवून वाट होत नाही,
लोक बिचकतात, जुन्या कडेनेच जातात.
म्हणून आम्ही बूट आपटत चाललो
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
परत, पुन्हा, चौदा वेळा.
लाल चोचीचे दोन कावळे वरून बघत होते
पगार घेऊन माणसं काय करतात ते.

पंधराव्या फेरीला तेगवेन आली.
घरातल्याच चपला, वर नवऱ्याचा रेनकोट.
आमच्याकडे न बघता पूर्ण वाट चालली,
कड्याशी थांबली,
खाली बघून काहीतरी म्हणाली, शिवी नव्हती,
आणि परत येताना सरीतला एक जुना बटाटा उचलून
खिशात टाकला.

सव्वातीन झाले होते.
खाली पुळण उघडी पडत होती, वीतवीत,
आणि मघाची मुलं दोराला धरून उतरत होती.
आमच्या मागे, जिथे जिथे पाऊल पडलं होतं,
गवत एकेक काडी उठून बसत होतं.
इदवाल म्हणाला, अजून दोन फेऱ्या.