दोनशे शब्दांत येमूल सर

कॉलेजच्या स्मरणिकेला दोनशे शब्द हवेत,
सोबत एक पासपोर्ट फोटो.
फोटो आहे. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेले सर
गुन्हा कबूल करायला आल्यासारखे दिसतात.

कारकीर्द: एकतीस वर्षं.
त्यातली चौदा तासिका तत्त्वावर,
म्हणजे मैदानावरचे तास कुणी मोजायचं नाही
आणि वर्गातले त्यांना मिळायचे नाहीत.
रात्रपाळीला मागावर टॉवेल,
पहाटे साडेचारला आम्ही.

आमच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी,
मैदानाला मात्र रोज.
मेहुण्याच्या डाइंगमधलं, हौदात उरलेलं,
कधी गुलाबी, कधी मोरपंखी.
स्पर्धेला गेलो की तळवे बघूनच म्हणायचे,
आल्या सोलापूरच्या.
आई विड्या वळता वळता म्हणाली होती,
लग्नात आळत्याचा खर्च वाचला तुझ्या.

सर मराठीत समजावत,
कन्नडमध्ये चिडत,
आणि घाई झाली की तेलुगू: ले!
म्हणजे ऊठ.
'ऊठ' म्हणेपर्यंत पळणारी पाटी ओलांडते, म्हणत.
आज सेहेचाळिसाव्या वर्षी
दूध उतू जायला लागलं
की मी माझ्यावरच ओरडते, ले.

मध्ये एकदा पुण्याच्या कॉलेजने बोलावलं.
क्वार्टर, पेन्शन, हिरवी जाळी लावलेलं मैदान.
अकरा महिन्यांत परत.
का हो सर?
तिथं शेंगाचटणीत साखर घालतात, म्हणाले.
त्यापुढे कुणी विचारलं नाही.

सांगली. अठ्ठ्याण्णव. अंतिम सामना.
हे स्मरणिकेत येणार नाही.
मी पाचव्या जागी, उकिडवी,
पाठीवर हात पडायची वाट बघत.
खो ऐकला मी. शपथेवर ऐकला.
पण तो कुणी दिलाच नव्हता.
मी उठले, शिट्टी झाली,
तेवढ्यात त्यांची ती उंच पोरगी खांबापलीकडे
आणि वेळ संपली.
एक गुण.
येताना एसटीत मोहोळपर्यंत कुणी बोललं नाही.
मोहोळला सरांनी कडक भाकरी मोडून पुढे केली:
ए वालीकर, तू खा आधी.

निवृत्तीच्या दिवशी कपाट रिकामं करायला मला बोलावलं.
शिट्ट्या सात, त्यातल्या वाजणाऱ्या दोन.
गुडघ्याचे पट्टे. आयोडेक्सच्या बाटलीत टाचण्या.
आणि त्या वर्षीची वही.
मी तारीख शोधली. बोट थरथरत होतं, खोटं कशाला सांगू.
लिहिलं होतं:
वालीकरच्या टाचेला फोड. सकाळीच बघितला होता.
तरी बसवली. चूक माझी.
खाली टँकरचा हिशेब.

एवढ्या वर्षांत मला तो फोड आठवला नव्हता.

सत्कारात प्राचार्यांनी चादर पांघरली.
मागावर आयुष्य गेलेल्याच्या पोराला चादर!
सरांनी कोपरा चिमटीत धरून वीण तपासली,
सवयीने,
आणि भाषण संपेस्तोवर एक सुटा धागा
आत खोचत बसले.

आता मैदानावर डांबर आहे, पिवळे पट्टे,
दुचाकी इकडे, चारचाकी तिकडे.
सर संध्याकाळी दुधाला त्याच वाटेने येतात.
परवा मी गाडी लावत होते, हाक मारणार होते.
फाटक नाकासमोर होतं.
सर सरळ गेले नाहीत.
पांढऱ्या बोलेरोच्या डावीकडून, हळूहळू,
जिथं खांब होता
तिथून वळसा घालून गेले.

शब्द दोनशेच्या वर झाले.
काय गाळू ते कॉलेजनेच ठरवावं.