सदर बांध

पारोळ्याच्या तहसिलीसमोर, निंबाखाली,
माझा टाइपरायटर असतो अकरा ते पाच.
टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली कुणाचा तरी जुना सातबारा.

ठगूबाई येते, उकिडवी बसते.
"लिख भाऊ, हाऊ बांध मना शे.
त्यानी रातले कोरी लिधा."
मी ठोकत जातो:
सदर बांध अर्जदाराच्या मालकी व कब्जेवहिवाटीचा असून
गैरअर्जदाराने बेकायदेशीररीत्या…
वाचून दाखवतो.
ती ऐकते, परक्याच्या लग्नातली मंगलाष्टकं ऐकावीत तशी.
मग विचारते,
"यामा मना बांध कोठे शे?"

रात्री हर्षदा, एम.ए. इंग्रजी, दुसरं वर्ष,
भाकर मोडता मोडता सांगते:
पप्पा, इंग्लंडात एकदा फ्रेंच बोलणारे उतरले,
राज्य घेतलं, कचेरी मांडली.
जज्ज त्यांचा, कोर्ट त्यांचं, अपीलसुद्धा त्यांचंच.
मेंढ्या राखणाऱ्यांच्या तोंडी मेंढीचं जुनंच नाव राहिलं.
शिजून साहेबाच्या ताटात पडली,
की मटण.
"म्हणजे बघा, हायवेवर धुडकूअण्णाच्या ढाब्यावर
शेवभाजीच्या खाली खडूनं फ्रेंच लिहिलंय!
आणि बाहेर ठेलाऱ्यांच्या कळपात
ती अजून मेंढीच."

हसलो. पण नंतर झोप येईना.
अर्ज, फिर्याद, दावा, वकील,
हजर, गैरहजर, तारीख, पुढची तारीख.
यांचीही घोडी कधीतरी
बऱ्हाणपूरच्या वाटेनं आली असतील.
घोडी मेली.
शब्द राहिले, निंबाखाली
माझ्यासारख्याला पोटाला लावून.
धंद्याचं नावच अर्जनवीस.
माझ्या आजाला ते धड म्हणताही आलं नसतं.

सकाळी ठगूबाई पुन्हा.
म्हटलं, आजी, आज फक्त तुझे शब्द.
तू बोलशील तेच, तसंच.
कोरा कागद चढवला.
तिनं पदर दातात धरला,
बराच वेळ तहसिलीच्या पायऱ्यांकडे बघत राहिली,
मग बोटानं टेबल ठोकत म्हणाली,
"लिख. बांध मना शे. मना हक शे."

हक.
माझं बोट वरच्या वर राहिलं.
हाही त्याच घोड्यांवरून उतरलेला, आजी,
असं सांगणार होतो.
पण ती तो असा बोलली
जसा वावरातला तो एक दगड,
नांगर पिढ्यान्‌पिढ्या ज्याला वळसा घालतो.

टाइप केलं, जसंच्या तसं.
ओळीच्या सुरुवातीला थोडी जागा उरली होती.
तिथं, सवयीनं, सदर.
त्याशिवाय आत कुणी वाचत नाही.