तिसरी खुर्ची

दुकानात तीन खुर्च्या. दोन काचेसमोर,
तिसरी मागे, पडद्याआड.
पडदा मीच शिवला, मोहरीच्या रंगाचा,
रूबेची शेवटची गिरणी बंद पडली तेव्हा
किलोवर विकलेल्या कापडाचा.

टीव्हीवर चार पुरुष वाद घालतायत
बायकांनी डोक्यावर काय घ्यावं, काय घेऊ नये.
चौघांतल्या दोघांना टक्कल आहे.
मी आवाज बंद ठेवते.
नुसती तोंडं हलतात, काचेच्या टाकीतल्या माशांसारखी.

तिसऱ्या खुर्चीत आज विदाद.
एकेक पिन काढून ओठांत धरते
आणि तशीच बोलते,
त्यामुळे निम्मं मला कळत नाही.
सात वर्षं शाळेच्या फाटकाशी काढला, म्हणते,
साडेचारला परत बांधला,
भुरभुर पावसात, पाठीवर दप्तर,
आरसा म्हणजे उभ्या मोटारीची काच.
आता औषधशास्त्राचं दुसरं वर्ष. तिथे चालतो.
इस्पितळात शिकायला गेली की पुन्हा चालणार नाही.
"माझ्या डोक्याचं वेळापत्रक पाठ आहे मला."

निळे करायचेत तिला. सगळे नाहीत,
डाव्या कानामागची एक बट,
मोराच्या मानेइतकी निळी.
"कोण बघणार?" माझ्या तोंडून गेलं.

खरं सांगायचं तर
ते कापड दिसलं की अजून माझे दात आवळतात.
शिराझला, एकोणीस वर्षांची मी,
कपाळावर चार बोटं केस दिसले म्हणून
गाडीत घातलं मला.
अधिकारी सभ्य होता. म्हणाला,
"भगिनी, केसालाही धक्का लागणार नाही."
नाही लागला. केसाला नाही लागला.

सोडवायला आई आली.
काळ्या चादोरशिवाय ती दारातही उभी राहत नसे;
कुणी सांगितलं म्हणून नव्हे,
नको म्हटलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.
तिने कागदावर सही केली,
माझ्या फाटक्या बाहीवरून स्वतःचा चादोर अर्धा ओढला,
आणि एका कापडाखाली दोघी
चालत घरी गेलो.
रस्ताभर अवाक्षर नाही.
फक्त आमच्या गल्लीच्या वळणावर:
"हे लोक माझी नमाजसुद्धा नासवतील."

आतल्या अंधाराला डांबरगोळ्यांचा वास होता, वेलदोड्याचा.
पळून येताना तो मागे ठेवला
असं मी धरून चालले होते.

विदादने पिना बशीत ठेवल्या.
"मी बघणार," म्हणाली.
मग जरा वेळाने,
"आणि तुम्ही बघताय की."

रंग चढायला पस्तीस मिनिटं लागतात.
तेवढ्यात बरंच विचारता आलं असतं.
घरी कोण काय म्हणतं.
धाकटीला कुणी विचारणार आहे का.
उद्या नकोसा झाला तर कुठल्या फाटकाशी काढशील.
मी एवढंच विचारलं, पाणी फार गरम नाही ना.
तिनेही विचारलं नाही
आरशाच्या वर फोटोत
ती काळ्या कापडातली बाई कोण.

ट्राम गेली, पडदा हलला.
पुढच्या खुर्चीतून मादाम देल्प्लांक:
"आत कोण आहे?"
"गिऱ्हाईक," मी म्हटलं.

एका बटेचे अठरा युरो. तिने वीस दिले,
मोड घेतली नाही.
ओली बट बोटाला गुंडाळून एकदा पाहिली
आणि आरशाकडे पाठ करून
सराईत हातांनी सगळं बांधून टाकलं.
बेसिनमध्ये निळं पाणी
गोल फिरत खाली जात होतं अजून.

संध्याकाळी झाडताना एक पिन सापडली,
केसांच्या ढिगात, कुणाकुणाच्या.
टाकवेना. ठेवू तरी कुठे.
पडद्याला लावून दिली,
जिथे शिवण उसवत आली होती.